टाकींतलें पेट्रोल आणि बाहेरचा कांटा

गेल्या आषाढांत रत्नागिरीहून कोल्हापुरास परत येत असतां आंबा घाटाच्या मध्यावर आमची मोटारसायकल दोन आचके देऊन थांबली. सायंकाळचे सात वाजून गेले होते, धुकें इतकें दाट होतें कीं पुढच्या चाकापलीकडचा रस्ता दिसेना, आणि मागें आमची धाकटी कन्या बसलेली होती. पेट्रोलच्या कांट्याकडे पाहिलें तों तो पाव टाकीवर स्वस्थ उभा! अर्थात् पेट्रोल संपलें असेल ही शंका आमच्या मनास शिवलीच नाहीं. प्लग ओला झाला असेल, हवेच्या वाटेंत पाणी शिरलें असेल, अशा तर्कांत अर्धा तास गेला. घाट चढणारे ट्रक अगदीं कोपराजवळून जात होते, आणि प्रत्येक ट्रकागणिक आमच्या रेनकोटावरील कन्येची मूठ अधिक घट्ट होत होती. शेवटीं तीच म्हणाली, "बाबा, झांकण उघडून बघा ना." झांकण उघडलें, मोबाइलच्या उजेडांत आंत डोकावलों, गाडी गदगदां हलविली, तळाचा पत्रा कोरडा दिसत होता. मग गाडी फिरविली आणि ब्रेकवर बोटें ठेवून उतारानें साखरप्याच्या अंगास खालीं आलों. तेथल्या एका टपरीवाल्यानें बाटलींतलें लिटरभर पेट्रोल टाकींत ओतलें. आमची हकीकत ऐकून त्यानें एवढेंच विचारलें, "कांट्यावर भरंवसा ठेवलात व्हय, सर?"

हा प्रश्न आमच्या जिव्हारीं लागला. आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा. यंत्रांतलें आम्हांस फारसें कळत नाहीं. परंतु एखादी वस्तु खोटें कां बोलते असा प्रश्न पडला म्हणजे तिला बोलावयास केव्हां व कोणीं शिकविलें हें शोधीत बसण्याची आम्हांस जुनी खोड आहे. त्या खोडीपायीं पुढील कांहीं महिने आम्हीं जें वाचलें व गॅरेजमधील मंडळींकडून जें ऐकलें, त्याचें सार वाचकांपुढें ठेवीत आहों.

पात्रांतील द्रव मोजण्याची विद्या फार पुरातन आहे. इजिप्तमध्यें कर्नाक येथें तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या काळचें, म्हणजे इसवी सनापूर्वीं चौदाव्या शतकांतलें, एक दगडी जलघटिकापात्र सांपडलें. त्याचा आकार कुंडीसारखा, वर रुंद व खालीं निमुळता. तळाजवळील छिद्रांतून पाणी गळत असे व आंतल्या खुणांवरून काळ किती गेला हें समजत असे. आतां, पात्र भरलेलें असतां पाणी जोरानें गळतें आणि उतरत जाईल तसतसें मंदावतें. म्हणून कारागिरानें वरचें पोट मोठें ठेवलें, कीं गळण्याचा जोर व पात्राची रुंदी यांचा मेळ बसून पाण्याची रेषा जवळजवळ सारख्या गतीनें खालीं यावी. तो मेळ अगदीं पूर्ण बसला नाहीं, पण बुद्धि पहा! आपल्याकडील घटिकापात्राची तऱ्हा याच्या उलट. बुडास बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली म्हणजे एक घटिका, चोवीस मिनिटें, झाली. अशा साठ घटिकांची अहोरात्र. दोन्ही ठिकाणीं पात्र घडविलें तें मोजण्यासाठींच. मोटारसायकलची टाकी ही मोजण्यासाठीं घडविलेली नाहीं. ती स्वाराच्या मांड्यांत बसावी, सांगाड्याच्या नळीवर खोगिरासारखी चढावी, आणि दुकानांत उभी असतां गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावी, एवढ्यासाठीं तिचा आकार ठरतो. मोजण्याचा विचार मागाहून आला, आणि तो कसाबसा त्या आकारांत कोंबला गेला. आमच्या मतें कांट्याच्या साऱ्या खोटेपणाचें मूळ येथें आहे.

आरंभीं तर मोजणें हा प्रकारच नव्हता. १८८५ सालीं गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी सांगाड्याची पहिली पेट्रोल-इंजिनाची दुचाकी बनविली. ती कांहीं लांबच्या प्रवासास निघावयाची नव्हती. १८८८ च्या ऑगस्टांत बर्था बेंझ या बाईंनीं पतीस न कळवितां आपल्या दोन मुलांसह तीनचाकी मोटार हांकीत मान्हाइमहून फोर्झहाइम गांठलें, तेव्हां मात्र इंधनाचा प्रश्न प्रथम रस्त्यावर आला. वाटेंत वीसलॉख गांवीं एका औषधाच्या दुकानांतून त्यांनीं लिग्रॉइन नांवाचा, डाग काढण्याच्या कामीं येणारा द्रव विकत घेतला व पुढचा प्रवास केला. अमेरिकेंत १९०८ पासून १९२७ पर्यंत लाखोंनीं खपलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारींत पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखालीं असे. पेट्रोल पहावयाचें म्हणजे माणसांस उठवावयाचें, बैठक उचलावयाची आणि झांकण काढून लांकडी काठी आंत बुडवावयाची. विहिरींत दोर सोडून पाणी किती आहे तें पाहणाऱ्या आमच्या आजोबांस ही रीत मुळींच परकी वाटली नसती.

दुचाकीवर काठीची गरज नव्हती, कारण टाकी स्वाराच्या नाकाखालींच. झांकण उघडावें, आंत पहावें, गाडी हलवून आवाज ऐकावा. परंतु धांवत्या गाडीवर हें कसें करणार? या अडचणीवर जो तोडगा निघाला तो आमच्या मतें यंत्रविद्येंतील अत्यंत सोज्ज्वळ युक्तींपैकीं एक आहे. ती युक्ति म्हणजे टाकीखालची रिझर्व्हची तोटी, जिला आपल्याकडील मिस्त्री 'पेट्रोल कॉक' म्हणतात.

तिची रचना अगदीं साधी. तोटीपासून दोन वाटा टाकीच्या आंत उघडतात. एकीचें तोंड बोट दोन बोटें उंच, नळीसारखें वर आलेलें. दुसरीचें तळाशीं टेकलेलें. एरव्हीं पेट्रोल उंच नळीवाटें कार्बोरेटरांत उतरतें. पातळी त्या नळीच्या तोंडाखालीं गेली कीं इंजिनास पेट्रोल मिळेनासें होऊन तें आचके देऊं लागतें. स्वारानें हात खालीं नेऊन तोटीची मूठ फिरविली म्हणजे तळची वाट उघडते, आणि उरलेल्या लिटर-दीड लिटरावर गाडी पंपापर्यंत जाते. या यंत्रास कांटा नाहीं, वीज नाहीं, आंकडा नाहीं. टाकी अर्धी आहे कीं पाऊण आहे हें तें सांगत नाहीं. तें सबंध टाकीमागें एकच वाक्य बोलतें, परंतु तें वाक्य खोटें होणें कठीण. कारण तें पेट्रोलच्या अभावानेंच बोललेलें असतें. 'गाडी रिझर्व्हला लागली' हा आपल्या बोलींतील वाक्प्रचार त्या एका वाक्याचा मराठी अनुवाद होय. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर पगारदारांच्या घरांत तो वाक्प्रचार पेट्रोलखेरीज इतर बाबतींतही वापरलेला आम्हीं ऐकला आहे.

जर्मनीची फोल्क्सवागेनची प्रसिद्ध 'बीटल' मोटार १९६१ पर्यंत अशाच रिझर्व्हच्या दांडीवर चालत होती. तींत पेट्रोलचा कांटा नव्हता, आणि त्यावांचून लक्षावधि लोकांनीं ती चालविली.

तोटीचे दोष आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. पहिला दोष स्वाराचा: पेट्रोल भरल्यावर मूठ पुन्हां मूळ जागीं आणावयाची तो विसरला, तर पुढच्या खेपेस सूचना न मिळतां टाकी रिकामी होते. दुसरा दोष टाकीचा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत जुन्या चपट्या टाक्या जाऊन खोगिराच्या आकाराच्या टाक्या आल्या. खोगीर म्हटलें म्हणजे नळीच्या दोहों बाजूंस दोन पोटें आलीं. तोटी एकाच पोटास. दुसऱ्या पोटांतील पेट्रोल मधला उंचवटा ओलांडूं शकत नाहीं. मग स्वार गाडी तोटीच्या बाजूस आडवी करी, पलीकडचें पेट्रोल अलीकडे येई, आणि चार-सहा किलोमीटरांची सोय होई.

आमच्या बालपणीं हें दृश्य रोजचें होतें. मद्रासेस १९५५ पासून एन्फील्डच्या 'बुलेट' गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढें म्हैसूरची 'जावा' आणि 'राजदूत' या गाड्या रस्त्यावर आल्या. आणि पुण्याच्या बजाजनें १९७२ सालीं 'चेतक' आणल्यावर मध्यमवर्गीय कुटुंबाचें वाहन तेंच ठरलें. तिच्यासाठीं नांव नोंदवून वर्षेंच्या वर्षें वाट पहावी लागे. आमच्या वडिलांची चेतक ही घरांतील एक वडीलधारी व्यक्तीच होती. तिला कांटा नव्हता. वडील प्रत्येक वेळीं पेट्रोल भरल्यावर डिकींतून एक लहानशी वही काढीत व तारीख, किलोमीटर आणि लिटर असे तीन आंकडे पंपावर उभे राहूनच लिहीत. मागें रांग लागे, लोक हॉर्न वाजवीत, आम्हांस लाज वाटे. वडिलांस वाटत नसे. परंतु उजवीकडे इतके किलोमीटर झाले, आतां परवां रिझर्व्हला लागेल, असें ते सांगत आणि परवां ती लागे. हें आम्हांस तेव्हां ज्योतिषासारखें वाटे. १९८५ सालीं हीरो होंडाची 'सी. डी. १००' आली व 'भरा, झांकण लावा आणि विसरून जा' अशा आशयाची तिची जाहिरात घरोघरीं पाठ झाली. वडिलांस ती जाहिरात आवडली नाहीं. भरणें ठीक, झांकण लावणें ठीक, विसरावयाचें कशास, असें ते म्हणत.

कांट्याचा प्रसार आपल्याकडील दुचाकींवर मागाहून झाला, आणि तो आला तो मोटारींतून. त्याचें अंतरंग असें. टाकींत एक तरंगता गोळा असतो, त्याला दांडी. गोळा वरखालीं झाला कीं दांडीचें दुसरें टोंक विजेच्या विरोधक पट्टीवर सरकतें. विरोध बदलला कीं प्रवाह बदलतो, प्रवाह बदलला कीं कांटा हलतो. वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं, या साऱ्या साखळींत पेट्रोल कोठेंच मोजलें जात नाहीं. मोजली जाते ती एका ठिकाणची पेट्रोलच्या पृष्ठभागाची उंची. चौकोनी डब्यांत उंचीवरून माप काढणें सोपें. खोगिराच्या आकारांत वरचा एक अंगुळ म्हणजे पुष्कळ पेट्रोल आणि तळचा एक अंगुळ म्हणजे थोडें. म्हणून वरचा अर्धा भाग उतरावयास कांटा दिवस घेतो, आणि खालचा अर्धा भाग एका दुपारींत उतरतो. 'अर्धी टाकी होती, इतक्यांत कशी संपली?' अशी जी तक्रार सर्वत्र ऐकूं येते तिचें कारण बहुधा चोरी नसून भूमिति असतें.

शिवाय गोळ्यास छप्पर असतें. टाकी काठोकाठ भरली कीं तो वरच्या टोंकास अडकतो, आणि पेट्रोल त्याच्या खालीं येईपर्यंत कांटा 'पूर्ण' वरच राहतो. गिऱ्हाईक मात्र गाडी किती कमी पेट्रोल पिते म्हणून खूष होतें. तळाशीं याच्या उलट व्यवस्था पुष्कळ कारखानदार जाणूनबुजून करतात: कांटा 'रिकामी' दाखवितो तेव्हां थोडें पेट्रोल अजून शिल्लक असतें. हें असत्य कृपाळू खरें, पण त्यानें एक नवीच विद्या जन्मास घातली आहे. तरुण मंडळी 'रिकामी'च्या खालीं किती अंतर जातां येतें याचे अनुभव एकमेकांस सांगतात, आणि कृपेचा तो साठाही हिशेबांत धरून वापरून टाकतात.

चढउताराचा दोष स्पष्टच आहे. घाटांत पेट्रोल मागें सरकतें, उतारावर पुढें. गोळा जेथें असेल त्याप्रमाणें कांटा आशावादी किंवा निराशावादी होतो. बाजूच्या स्टँडवर उभ्या गाडीचा कांटा पाहून निर्णय घेणें हें तर निव्वळ भोळेपण. येथें एक गंमत सांगावीशी वाटते. वळणावर गाडी कलते म्हणून पेट्रोलही एका बाजूस जात असेल, अशी आमची समजूत होती. आमच्या कॉलेजांतील पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनीं ती खोडून काढली. वेगांत नीट घेतलेल्या वळणावर गाडी जितकी कलते तितकाच पेट्रोलचा पृष्ठभागही कलतो. गाडीच्या दृष्टीनें तें जागच्या जागीं राहतें. म्हणजे जेथें डोळ्यांस धोका दिसतो तेथें तो नाहीं, आणि जेथें गाडी निश्चल उभी आहे तेथें तो आहे!

खांचखळग्यांनीं पेट्रोल हिंदकळतें, त्याबरोबर कांटा नाचूं नये म्हणून त्याला मुद्दाम मंद करतात. जुन्या यंत्रांत दोन धातूंची एक पट्टी विजेनें तापून वांकते व कांट्यास ढकलते. ती तापावयास वेळ लागतो, तोच तिचा गुण. नव्या गाड्यांत हें काम विजेच्या गणितयंत्राकडे गेलें. मंद कांटा शोभून दिसतो, परंतु तो आतांची नव्हे, मघांची गोष्ट सांगत असतो.

याउपर झीज. विरोधक पट्टीवरची रेघ घासते, गोळ्यांत पेट्रोल शिरून तो बुडतो. २००४ सालीं अमेरिकेंत फ्लोरिडा व आसपासच्या भागांत विकलेल्या पेट्रोलमध्यें गंधकाचा अंश अधिक राहिला, आणि असंख्य मोटारींचे मापक एकाएकीं बिघडले. कारण त्यांतील रुप्याच्या संपर्कबिंदूंवर गंधक चढलें. आपल्या घरांतील चांदीचीं भांडीं काळीं पडतात तोच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें भांडें काळें पडलें आणि मोटार रस्त्यांत उभी राहिली. एका नामांकित जर्मन कारखान्यानें एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आपल्या महागड्या मोटारसायकलींतून गोळा काढूनच टाकला व जागीं एक पातळ तापती पट्टी बसविली. युक्ति सुंदर होती. पट्ट्या वारंवार निकामी होऊं लागल्या.

तेव्हां काठीच बरी, असें कोणी म्हणेल. आम्हीही कांहीं दिवस तसेंच म्हणत होतों. परंतु काठीचाही एक इतिहास आहे, आणि तो सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. २३ जुलै १९८३ रोजीं एअर कॅनडाचें एक नवें बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ऑटावामार्गें एडमंटनला निघालें. त्याचे इंधनमापक बिघडून कोरे झाले होते, म्हणून जमिनीवरील लोकांनीं पंखाखालील मापपट्टीनें टाक्या मोजल्या. ७,६८२ लिटर भरले. माप अगदीं बरोबर होतें. प्रवासास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवें होतें. लिटरांचें वजन काढतांना मात्र, किलोग्रॅमसाठीं सुमारें ०.८ नें गुणावयाचें, तें पौंडांच्या १.७७ नें गुणलें. कॅनडा त्या वेळीं जुन्या मापांकडून मेट्रिक मापांकडे वळत होता. वीस हजारांवर लिटर घालावयाचे तेथें पांच हजारांच्या आंतबाहेर घातले गेले. आकाशांत एकामागून एक दोन्ही इंजिनें बंद पडलीं. वैमानिक रॉबर्ट पिअर्सन यांस घिरट्यांच्या बिनइंजिनी विमानांचा अनुभव होता. त्यांनीं तें प्रचंड धूड तरंगत गिमली येथील जुन्या लष्करी धांवपट्टीवर उतरविलें. विमानांतील ६९ जणांपैकीं कोणाचाही प्राण गेला नाहीं. येथें कांट्यानें दगा दिला होता हें खरें, पण त्याची उणीव सर्वांस ठाऊक होती. दगा दिला तो हिशेबानें. आमच्या वडिलांच्या वहींत लिटरच्या रकान्यांत चुकून रुपये लिहिले गेले असते तर त्यांचेंही ज्योतिष असेंच फसलें असतें.

दुचाकीच्या तोटीचा अंत मात्र कोणाच्या चुकीनें झाला नाहीं. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत धुराचे 'भारत स्टेज सहा' हे कडक नियम लागू झाले. ते पाळण्यासाठीं बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर जाऊन पेट्रोल फवारणारी रचना आली. तिला दाबानें पेट्रोल पुरविणारा पंप सहसा टाकीच्या आंतच बुडलेला असतो. उंच नळी, तळची नळी, खालीं उतरणारें पेट्रोल, हें सारें संपलें. उरला कांटा, आणि कांहीं गाड्यांवर एक पिवळा दिवा. शिवाय तो पंप भोवतालच्या पेट्रोलनेंच थंड राहतो, म्हणून टाकी वरचेवर तळाशीं नेणें त्यास बाधतें. म्हणजे ज्या काळीं तळ गांठला तरी चालत असे त्या काळीं आपणांस तळाची खात्रीची सूचना होती. आतां तळ गांठूं नये असें झालें, तों ती सूचनाच गेली! त्यांत पेट्रोलही पूर्वीचें राहिलें नाहीं. २०२५ पर्यंत देशभर शेंकडा वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. इथेनॉलचें बळ लिटरामागें पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश, तेव्हां लिटरला किती किलोमीटर हा पाठ केलेला आंकडाही थोडा खालीं आणून ठेवावा लागतो.

घाटांतील प्रसंगानंतर आम्हीं गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यानें टाकी उतरवून गोळ्याची दांडी बाहेर काढली. ती किंचित् वांकून आंतल्या भिंतीस घासत होती आणि पाव टाकीच्या जागीं अडकत होती. त्यानें ती बोटांनीं सरळ केली, दोनदां वरखालीं करून पाहिली आणि पन्नास रुपये मागितले. आम्हांस एवढ्यानें समाधान होईना. एका रविवारीं अंगणांत गाडी मोठ्या स्टँडवर सरळ उभी करून, टाकी रिकामी करून, कन्येच्या मदतीनें आम्हीं लिटराच्या मापानें पेट्रोल ओतावयास आरंभ केला. प्रत्येक लिटरानंतर चावी फिरवावयाची, कांटा स्थिर होईपर्यंत थांबावयाचें, आणि नोंद करावयाची. पहिल्या लिटरास कांटा हललाच नाहीं. दुसऱ्यास किंचित् उचलला. चवथ्या लिटरास तो अर्ध्यावर आला, म्हणजे अकरा लिटरांच्या टाकींतील जवळजवळ दोनतृतीयांश जागा अजून कोरी असतांना! नवव्या लिटरास 'पूर्ण' झाला, आणि पुढचे दोन लिटर त्यानें मौनांत गिळले. कन्या हिशेबास पक्की. तिनें तेथल्या तेथें ठरविलें कीं, कांट्याचा अर्धा म्हणजे आपला पाव धरावयाचा, आणि टाकी भरल्यावर किलोमीटरचा फिरता आंकडा शून्यावर आणून चारशें झाले कीं कांटा कांहींही म्हणो, पंपावर जावयाचें.

ती आंकडेमोड लिहावयास कागद हवा होता. ती घरांत जाऊन वडिलांची डिकींतली वही घेऊन आली. वडील जाऊन सहा वर्षें झालीं, चेतक त्यांच्याही आधीं गेली, वही मात्र कपाटांत होती. शेवटच्या भरलेल्या पानावर त्यांच्या अक्षरांत तारीख, किलोमीटर आणि चार लिटर एवढें होतें. तिनें पान उलटलें, वर गाडीचा नंबर लिहिला, आणि कांट्याचे अकरा आंकडे एकाखालीं एक मांडले. आतां पंपावर वही तीच काढते. मागें हॉर्न वाजूं लागले कीं तिला लाज वाटते कीं नाहीं, हें आम्हीं अद्याप विचारलेलें नाहीं.